चित्राचा आडपडदा

लॉस एंजेलिसमधल्या टोलुका लेक या वस्तीतल्या प्राथमिक शाळेत कॅथरिन बोमाँट या बाईंनी ३६ वर्षं शिकवलं. बर्बँकचा डिस्ने स्टुडिओ तिथून फार लांब नाही. त्या स्टुडिओच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१९५१) या चित्रपटातल्या ॲलिसचा आवाज याच बाईंचा, आणि दोन वर्षांनी आलेल्या ‘पीटर पॅन’मधल्या वेंडीचाही. ॲलिससाठी त्यांची निवड झाली तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. ही हकीकत सांगताना मधे बहुधा एक ‘पण’ येतो. लहानपणी केवढं नाव कमावलं, पण पुढे शाळेत शिकवत राहिल्या! त्या ‘पण’मध्ये हळहळ असते आणि ती चुकीच्या जागी आहे, असं मला वाटतं. शिक्षिका होणं ही बोमाँट यांच्या कारकिर्दीची उतरण नव्हतीच. लहानपणी त्यांनी जे काम केलं, त्याच्या घडणीतच मोठेपणी दुसरं काही होण्याची मोकळीक होती. हॉलिवूडमध्ये वाढलेल्या फार थोड्या मुलांना ती मिळाली. प्रेक्षकांनी त्यांचा आवाज घेतला. चेहरा त्यांच्याकडेच राहिला.

कॅथरिनचा जन्म २७ जून १९३८ चा, लंडनचा. १९४४ साली ‘इट हॅपन्ड वन संडे’ या ब्रिटिश चित्रपटात ती लहानशा कामात दिसली. पुढे एमजीएम या बड्या कंपनीने तिला करारबद्ध केलं आणि ती कॅलिफोर्नियाला आली. तिथे तिच्याजोगं फारसं काम निघालं नाही. पोहणारी नटी म्हणून गाजलेल्या एस्थर विल्यम्सच्या ‘ऑन ॲन आयलंड विथ यू’ (१९४८) मधली छोटी भूमिका एवढीच काय ती सांगण्याजोगी. नेमकी तीच वॉल्ट डिस्नेच्या नजरेत भरली. इंग्लंडच्या प्रेक्षकाला आपला वाटेल आणि अमेरिकेच्या प्रेक्षकाला कानाला जड जाणार नाही, असा आवाज त्याला ॲलिससाठी हवा होता. लुईस कॅरलचं १८६५ चं पुस्तक इंग्रजांच्या घराघरांत वाचलं जात होतं, त्यामुळे उच्चाराचा हा प्रश्न किरकोळ नव्हता. लंडनची बोली ओठांवर घेऊन कॅलिफोर्नियात राहणारी ही मुलगी दोन्हीकडे चालणारी होती.

ॲनिमेशनपटाला आवाज देणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डबिंग येतं. पडद्यावर चित्र हलतंय आणि माईकपाशी उभं राहून कुणीतरी त्या ओठांशी शब्द जुळवतंय. डिस्नेकडे क्रम उलटा होता, आधी आवाज आणि मग चित्र. संवाद मुद्रित झाले की त्यातला एकेक उच्चार किती चौकटी चालतो हे मोजून तक्त्यावर मांडलं जाई. एका सेकंदाला २४ चौकटी, त्या हिशेबाने चित्रकार तोंडाची उघडझाप काढत. म्हणजे ॲलिस कुठे अडखळेल, कुठे श्वास घेईल, कुठला शब्द ओढून म्हणेल, हे कागदावर रेघ उमटण्याआधीच एका शाळकरी मुलीच्या बोलण्यातून ठरलेलं असे. शिवाय कॅथरिनचं काम आवाजापाशी थांबलं नाही. ॲलिसचा पोशाख घालून तिने जवळजवळ रिकाम्या मंचावर प्रसंग करून दाखवले. त्यांचं चित्रण झालं आणि ते समोर ठेवून मार्क डेव्हिस, मिल्ट काल, ऑली जॉन्स्टन यांच्यासारख्या चित्रकारांनी ॲलिसची चाल, मानेचा झोक, झग्याची सळसळ रेखाटली. चहापानाच्या त्या वेड्या प्रसंगासाठी एड विन आणि जेरी कोलोना हे कसलेले विनोदी नट तिच्याबरोबर टेबलाशी बसले. वेंडीच्या उड्डाणासाठी तिला पट्ट्यांनी बांधून अधांतरी टांगलं गेलं. उंचीची भीती वाटत असूनही तिने ते केलं. भोवती ना बीळ, ना आकाश, ना हसणारं मांजर. जे दिसत नाही त्याच्याशी बोलायचं आणि ते दिसतंय असं चेहऱ्यावर आणायचं. ॲलिसची गाणीही तिनेच गायली. पडद्यावरच्या नटीला जे जे करावं लागतं ते सगळं तिने केलं आणि तरी चित्रपटात ती दिसली नाही. एक अपवाद सांगायला हवा. १९५० च्या नाताळात डिस्नेने दूरचित्रवाणीवर ‘वन अवर इन वंडरलँड’ हा जाहिरातवजा कार्यक्रम केला, त्यात ती ॲलिसच्या वेशात आली होती. तेवढ्यापुरता पडदा बाजूला झाला आणि पुन्हा पडला.

या न दिसण्याकडे उणीव म्हणून पाहायची सवय आपल्याला आहे. बालनटाचं भांडवल काय असतं, ते मात्र पाहायला हवं. त्याचा चेहरा, आणि तोही एका ठरावीक वयातला. प्रेक्षक त्या चेहऱ्यावर जीव लावतो आणि नकळत त्यावर हक्क सांगू लागतो. मग मूल उंच झालं, हनुवटी लांबली, गालांवरची गोलाई गेली, की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. वाढणं हाच त्या मुलाचा गुन्हा ठरतो. चित्रातली ॲलिस मात्र कधीच वाढणार नव्हती. त्यामुळे सोळा वर्षांच्या कॅथरिनला रस्त्यात थांबवून ‘तू आता पूर्वीसारखी दिसत नाहीस’ असं म्हणायची सोयच नव्हती. त्यातून ‘ॲलिस’ पहिल्या फेरीत आपटला. सुमारे ३० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटात स्टुडिओला मोठा तोटा आला. कॅरलचं अमेरिकीकरण केलं म्हणून ब्रिटिश समीक्षक रागावले आणि खुद्द डिस्नेलाही तो मनासारखा वाटला नाही. चित्रपटगृहांत तो पुन्हा लागला १९७४ साली, डिस्नेच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ॲलिसवर नव्या पिढीचा जीव जडला तेव्हा बोमाँट पस्तिशी ओलांडलेल्या शिक्षिका होत्या. कीर्ती आली, पण ती चित्राच्या पत्त्यावर.

याउलट काय होतं ते पाहायला दूर जावं लागत नाही. ‘पीटर पॅन’मध्ये वेंडीच्या शेजारी उडणाऱ्या पीटरचा आवाज बॉबी ड्रिस्कॉलचा होता. कॅथरिनपेक्षा तो एका वर्षाने मोठा. ‘साँग ऑफ द साउथ’, ‘ट्रेझर आयलंड’ या चित्रपटांमुळे त्याचा चेहरा अमेरिकेला पाठ झाला होता. १९५० साली त्याला बालकलाकारासाठीचा खास ऑस्करही मिळाला. मग तारुण्याची चाहूल लागली, चेहऱ्यावर मुरमं आली, आणि ‘पीटर पॅन’ प्रदर्शित झाला त्याच १९५३ साली स्टुडिओने त्याच्याशी असलेला करार संपवला. साध्या शाळेत गेला तेव्हा इतर मुलांनी त्याला पडद्यावरच्या कामावरून छळलं. विशी गाठण्याआधीच तो अमली पदार्थांत अडकला, पुढे तुरुंगात गेला, आणि ३० मार्च १९६८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत त्याचा मृतदेह सापडला. वय ३१. ओळख पटली नाही म्हणून हार्ट बेटावरच्या बेवारसांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. बोटांच्या ठशांवरून तो कोण हे घरच्यांना कळलं ते दुसऱ्या वर्षी.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ड्रिस्कॉलनेही पीटरला आवाजच दिला होता. मग आडपडद्याने त्याला का वाचवलं नाही? कारण त्याच्यापाशी पडदा उशिरा आला. आवाज देण्याआधी पाच-सहा वर्षं त्याचा चेहरा विकला गेला होता आणि मागणी त्या चेहऱ्याला होती. कॅथरिनच्या बाबतीत एमजीएमने चेहरा वापरलाच नाही म्हणण्याइतका कमी वापरला. त्या वेळी ते अपयश वाटलं असेल, पण पुढे तेच तिच्या पथ्यावर पडलं. दुसरं कारण शरीराचं. वयात येताना मुलाचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. मुलीचा फार तर दोन-तीन सूर. ‘आवाज फुटला’ हे शब्द आपल्या जुन्या संगीत नाटकमंडळ्यांत किती धास्तीने उच्चारले जात, हे नाट्यप्रेमी मराठी वाचकाला सांगायला नको. ड्रिस्कॉल पीटरचा आवाज पुन्हा कधीच काढू शकला नसता. बोमाँट मात्र ॲलिसकडे परत जाऊ शकत होत्या आणि गेल्याही. एकीला साध्या आयुष्याचं आणि जुन्या पात्राचं अशी दोन्ही दारं उघडी होती, दुसऱ्याच्या मागे दोन्ही बंद झाली. ड्रिस्कॉलच्या व्यसनाचं खापर कुठल्याही एका कारणावर फोडता येणार नाही, हे मान्य. तरी त्याला शाळेत चिडवणाऱ्या मुलांकडे चिडवायला काहीतरी होतं, आणि ते त्यांना पडद्याने पुरवलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आवाजाचं काम खरोखरच ढाल असेल, तर ज्युडिथ बार्सीचं काय? ‘द लँड बिफोर टाइम’मधली डकी आणि ‘ऑल डॉग्ज गो टु हेवन’मधली ॲन-मेरी या दोघींना आवाज देणारी ही मुलगी जुलै १९८८ मध्ये, दहा वर्षांची असताना, बापाच्या गोळीला बळी पडली, आईही. घरातल्या मारहाणीची गोष्ट पोलिसांपर्यंत आणि बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत गेलेली होती. दोन्ही चित्रपट तिच्या मृत्यूनंतर लागले. या मुलीपुढे माझा मुद्दा अपुरा पडतो, हे कबूल केलं पाहिजे. चित्राचा पडदा मुलाला प्रेक्षकांपासून झाकतो, घरच्यांपासून नाही. म्हणून पडद्याबरोबर आणखी काहीतरी लागतं: मुलाची वेळ, शाळा आणि पैसा यांवर बाहेरच्या कुणाचा तरी पहारा. हॉलिवूडला हे ठेचा खाऊन कळलं. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची लाखो डॉलरची कमाई आईने आणि सावत्र वडिलांनी उडवलेली होती. १९३८ साली तो कोर्टात गेला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. स्टुडिओत काम करणाऱ्या मुलांना रोज ३ तास शिकवणी मिळालीच पाहिजे, हा दंडकही तिथलाच. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जावा लागतो. मालिका, जाहिराती आणि डबिंग यांचा मोठा कारभार मुंबईत चालतो, त्यामुळे या नियमांचं पालन हा महाराष्ट्राच्या दाराशी असलेला प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि श्रेयाचा. न दिसण्याचे गोडवे गाणं म्हणजे स्टुडिओच्या कंजूषपणाला तत्त्वज्ञानाची झूल चढवणं, असं कुणी म्हणेल. पुरावा त्या बाजूने भरपूर आहे. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ला आवाज देणाऱ्या ॲड्रियाना कॅसेलॉटीचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ची गाणी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या आणि पात्रांना आवाज देणाऱ्या पेगी लीला व्हिडिओ कॅसेटच्या विक्रीतला वाटा मिळवायला १९८८ साली डिस्नेवर खटला भरावा लागला. १९९१ मध्ये तिला सुमारे २३ लाख डॉलर मंजूर झाले. आपल्यालाही हे नवं नाही. ‘महल’ (१९४९) मधलं लता मंगेशकरांचं गाणं गाजलं तेव्हा पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे सिनेमातल्या पात्राचं नाव छापलेलं होतं. पण श्रेय आणि प्रसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आक्षेप घेणारे त्यांची गल्लत करतात. श्रेय म्हणजे काम कुणाचं याची नोंद आणि त्याचा मोबदला. ते प्रत्येकाला, मुलाला तर आधी, मिळालंच पाहिजे. प्रसिद्धी म्हणजे चेहऱ्यावर लोकांची मालकी. श्रेय मिळावं आणि प्रसिद्धी लांब राहावी, ही मागणी मुलांसाठी अगदी योग्य आहे. ‘ॲलिस’च्या श्रेयनामावलीत कॅथरिनचं नाव होतं, चित्रकारांपुढे तिने केलेल्या अभिनयाची मात्र ठळक दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली. १९९८ साली कंपनीने त्यांना ‘डिस्ने लेजंड’ हा सन्मान दिला तेव्हा त्या साठीला आल्या होत्या.

मधल्या काळात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदवी आणि मग वर्ग. ज्या वयाची असताना कॅथरिन स्वतः मंचावर उभी राहिली होती, जवळपास त्याच वयाच्या मुलांपुढे त्या पुढची साडेतीन दशकं उभ्या राहिल्या. त्या मुलांना गणित आणि वाचन शिकवणाऱ्या बाई हव्या होत्या आणि त्या मिळाल्या. अधूनमधून स्टुडिओचं बोलावणं येई. डिस्नेलँडमधली ॲलिसची सफर, उद्यानांतले कार्यक्रम, दूरचित्रवाणीवरच्या मालिका, यांसाठी बाई माईकपुढे जात आणि काम आटोपून परत येत. हे सगळं २००५ पर्यंत चाललं. त्यानंतर ॲलिस आणि वेंडी हिंडेन वॉल्च या नव्या अभिनेत्रीकडे गेल्या. त्याआधी २००२ साली ‘किंग्डम हार्ट्स’ हा व्हिडिओ गेम निघाला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत ॲलिस आणि वेंडी या दोघींचे आवाज चौसष्ट वर्षांच्या कॅथरिन बोमाँट यांचे आहेत. त्यातला पीटर पॅन दुसऱ्या कुणाच्या आवाजात बोलतो.