कारंज्याचं आवार

सोयाबीनच्या हंगामात कारंज्याच्या बाजार समितीच्या आवारात जाऊन उभं राहावं. ढिगांच्या रांगा लागलेल्या असतात. एका ढिगाभोवती खरेदीदारांचं कोंडाळं जमतं. कुणी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो, कुणी एक दाणा दाताखाली फोडून ओलावा जोखतो. मग हर्रास सुरू होतो. आकडा दहा-वीस रुपयांनी चढत जातो, एका जागी अडतो, आणि माणसं पुढच्या ढिगाकडे सरकतात. तेवढ्यात कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरून गेलेला असतो. ढिगाशेजारी उभ्या असलेल्या कास्तकाराने त्यातला प्रत्येक आकडा स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो.

हे ऐकू येणं किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

कारंजा लाड हे तेव्हाही व्यापाराचं जुनं गाव होतं. दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ अशा चार दिशांच्या चार वेशी. इथल्या एका सावकाराने उंटांवरून आलेली कस्तुरी सगळीच्या सगळी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली, अशी कथा गावात आजही सांगतात. पुढे या गावाच्या नशिबात कस्तुरीपेक्षा मोलाचं एक पांढरं पीक आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता आणि त्याचा कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाहत असे.

त्या काळी देशातल्या बाजारांत भाव कसा ठरे? खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर उभे राहत. हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकलेला. खाली बोटांची भाषा चाले: अमुक बोटं दाबली की अमुक रुपये, तळवा धरला की निराळा आकडा. माल ज्याचा तो शेतकरी हाताभरावर उभा, पण त्याला दिसे ते फक्त हलणारं फडकं. भाव ठरल्यावर कात्री लागे ती वेगळीच. नमुन्याचा कापूस गेला, कडता गेला, धर्मादाय गेला, तोलाई गेली, हमाली गेली. वजनंही ठिकठिकाणी निराळी. हिशेब हातात पडेपर्यंत बंडी रिकामी झालेली असे. परत भरून न्यायची म्हटलं तरी कुठे?

अशा काळात, १८८६ साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार तो हाच. शेतमाल विपणनाचं पाठ्यपुस्तक उघडलं तर या इतिहासाची सुरुवात आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या या गावापासून होते. ज्या वर्षी पुण्यात दगडी मंडईची देखणी इमारत लोकांसाठी उघडली, त्याच वर्षी कारंज्यात अशी एक गोष्ट सुरू झाली जिला ना कळस होता ना मनोरा. तिचं सगळं बांधकाम नियमांचं होतं.

हा हुकूम निघाला तो कास्तकाराच्या कळवळ्यातून नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. मँचेस्टरला स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस रास्त दरात हवा होता. पण कल्पना एकदा जमिनीत रुजली की ती पेरणाऱ्याच्या हातात राहत नाही. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, बाजारावर देखरेखीला समिती आली. १९२७ मध्ये मुंबई प्रांताने कापूस बाजाराचा कायदा केला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर असे बाजार उभारावेत अशी शिफारस केली. मग १९३९ चा मुंबईचा कायदा, आणि १९६३ चा महाराष्ट्राचा. रुमालाखालचा सौदा बेकायदा ठरला, उघडा लिलाव आला, प्रमाणित वजनं आली. ज्या समितीच्या खुर्च्यांवर सुरुवातीला व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता, तिथे शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचं बहुमत कायद्यानेच आणलं. हमाल-मापाऱ्यांनाही एक जागा मिळाली.

आता जरा साता समुद्रापार जाऊ. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या एडायना या उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल नावाचं एक केंद्र उघडलं. बाहेरून कोऱ्या भिंती, आत दोन मजल्यांवर दुकानं, मध्ये छताखालचा चौक, आणि बाहेर बर्फ पडो की ऊन, आत बारमाही एकच हवा. पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित असा हा पहिला मॉल. त्याचा शिल्पकार व्हिक्टर ग्रूएन १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून व्हिएन्ना सोडून आलेला. आपल्या गावच्या चौकासारखी, माणसांनी निवांत भेटावं अशी जागा त्याला उपनगरात हवी होती. जगभर झालेले मॉल पाहून उतारवयात तो फार खंतावला.

मॉलमध्ये नवं काय होतं? छप्पर तर जुन्या मंडयांनाही होतं. नवेपणा होता तो व्यवस्थेत. दुकानं अनेक, पण कारभार एक. वेळ, झाडलोट, दिवाबत्ती, शिस्त सगळ्यांना सारखी, आणि त्या बदल्यात प्रत्येकाने द्यायचा वाटा. बाजार समितीची घडण याहून किती वेगळी आहे? अडत्ये अनेक, समिती एक, काटा, वेळ आणि नियम सगळ्यांना सारखे, खर्चासाठी सेस. कारंज्याच्या हुकमाला साउथडेल उघडलं तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

या दोन जगांना जोडणारा धागा कापसाचाच आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरो गेज रेल्वे, आपली लाडकी शकुंतला, कारंज्यावरून जायची. कापसाच्या गाठी मुख्य लोहमार्गाकडे नेण्यासाठीच ती टाकलेली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत पोचे. त्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि लोअर परळला १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मुंबईतला एक बडा मॉल उभा आहे. जिथे सूत निघायचं, तिथे आता शिवलेले कपडे टांगलेले असतात.

त्या मॉलमधला एखादा सुती सदरा हातात घेतला की कॉलरपाशी चिठ्ठी लोंबते. किंमत छापलेली, लहान पोरालाही वाचता येईल अशी. विचारावं लागत नाही, घासाघीस नाही. ती चिठ्ठी पाहिली की मला कारंजा आठवतं. सदऱ्याची किंमत घेणाऱ्याला वाचता यावी, हे आज आपण गृहीतच धरतो. पण त्याच सदऱ्यातल्या कापसाचा भाव पिकवणाऱ्याला ऐकू यावा, यासाठी कायद्यांच्या कितीतरी पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यातली पहिली पायरी कारंज्यात आहे.

म्हणून पुढच्या हंगामात त्या आवारात गेलात, तर ढिगाजवळ थोडं थांबा. खरेदीदाराकडे नका पाहू. ढिगाशेजारच्या कास्तकाराकडे पाहा. आकडा चढताना त्याचे ओठ हलत असतात. तो मनात हिशेब करत असतो, कारण आता त्याला तो करता येतो.