ॲनिमे पाहायचंय? मोगलीपासून सुरू करा

निर्ण्यातल्या आणि बिदर-कलबुर्गीकडच्या मित्रांनो, ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, परकं वाटतंय? मग दूरदर्शनवरचा ‘जंगल बुक’ आठवा. तो मोगली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली घडवला. हिंदी शीर्षकगीत मात्र गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं.

पुढे 1992 चा ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट. जपानच्या युगो साकोंसोबत आपल्या राम मोहन यांनी दिग्दर्शन केलं, संगीत वनराज भाटियांचं. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला आवाज अरुण गोविलांचा, रावणाला अमरीश पुरींचा! हातानं रंगवलेली ती अयोध्या बघाच.

मग जपानी दिग्दर्शक मियाझाकींचे चित्रपट. घरात लहान मुलं असतील तर आधी ‘माय नेबर टोटोरो’. खेड्यातलं जुनं घर, दवाखान्यात असलेली आई, पावसात बसची वाट पाहणाऱ्या दोघी बहिणी. आपल्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षीचा, 1988 चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ इसाओ ताकाहातांचा. युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांची गोष्ट. मोठ्यांनी पाहावाच, लहानांना एवढ्यात नको.

मालिका एकच सांगतो: ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’. 64 भाग आहेत, पण गोष्ट पूर्ण होते. पहिले दहा-बारा भाग धीर धरा.