घरकराच्या वाढीला मर्यादा : लाभ कोणाला, भार कोणावर?

घरटॅक्सची मागणी आली की घरात पहिला प्रश्न निघतो, "यंदा किती वाढला?" बँकेत काम करीत असल्याने कर्जाच्या कागदांसोबत ही पावती माझ्या नजरेखालून नेहमी जाते. या वाढीला मर्यादा असावी, असे प्रत्येकालाच वाटते. परंतु त्या मर्यादेचा लाभ सर्वांना सारखाच होतो काय?

प्रथम आकारणी समजून घेऊ. पवनारसारख्या गावात ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमानुसार हा कर बसविते. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि घराच्या भांडवली मूल्यावर आकारणी आली. जागेचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचे वय व वापर यांवरून हे मूल्य ठरते. म्हणजे मालकाची मिळकत एका पैशाने न वाढताही जागेचे दर चढले की कर वाढू शकतो. वाढलेले मूल्य घर विकल्याशिवाय हाती येत नाही. कर मात्र रोख भरावा लागतो. मजूर, विधवा भगिनी व निवृत्त माणसांना झळ बसते ती इथेच.

मुंबई महापालिकेत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत लागू झाली. तेव्हा कायद्यानेच मर्यादा घातली : निवासी मालमत्तेचा कर आधीच्या दुपटीपेक्षा व बिगरनिवासी मालमत्तेचा तिपटीपेक्षा अधिक होऊ नये. पुढील फेरआकारणीसाठी ही मर्यादा ४० टक्के ठेवली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना वाढीतून वगळले आणि २०२२ पासून त्यांचा मालमत्ता करच माफ केला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मतदारांनी याहून कडक मर्यादा मंजूर केली. तेथे आकारणीचे मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही. मात्र घर विकले गेले की नवी आकारणी बाजारभावाने होते. त्यामुळे शेजारच्या दोन सारख्याच घरांच्या करांत मोठी तफावत पडते.

आता साधा हिशेब करू. समजा, तीन सारखी घरे आहेत आणि दिवाबत्ती, नाली, पाणी यांसाठी ३,००० रुपये हवे आहेत. प्रत्येकी १,००० रुपये येतात. पण दोन जुन्या घरांना मर्यादेमुळे ६०० रुपयेच लागले, तर तिसऱ्या, नव्या घरावर १,८०० रुपये पडतील. नाहीतर नालीचे काम राहून जाईल. दुकानांवर अधिक कर बसविला, तर मालक तो भाड्यातून वसूल करू पाहतो. म्हणजे सूट एकाला मिळते आणि भार दुसऱ्याकडे सरकतो.

म्हणून मर्यादा असावी. परंतु तिचा झुकता हात लहान घराकडे असावा. बंगला व एका खोलीचे घर यांना एकच टक्केवारी लावणे म्हणजे समता नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, एक काम आपण अवश्य करा. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ मधील आपल्या घराची नोंद वाचा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वापर बरोबर आहे काय, ते पाहा. मातीचे घर पक्के लिहिले असेल, तर कोणतीही मर्यादा आपल्याला तारणार नाही. चूक आढळल्यास मुदतीत लेखी हरकत द्या. पुढे पंचायत समितीकडे अपील करता येते. मात्र ही नोंद करापुरती असते, मालकीचा पुरावा नव्हे, हेही घरच्यांना समजावून सांगा.