ब्रह्मपुरीचा समुद्रदेव आणि पॉम्पेईची यक्षी

रोमन लोकजीवनाचा विषय निघाला की आपण विद्यार्थ्यांना पॉम्पेईच्या भित्तिचित्रांकडे नेतो. ते योग्यच होय. परंतु जोयड्यासारख्या काळीकाठच्या तालुक्यात शिकविणाऱ्या शिक्षकाला याच विषयाची साक्ष कोल्हापुरातही काढता येते, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात उत्खनने झाली. प्रथम प्रा. कुंदनगार यांनी व पुढे डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी हे काम केले. तेथील कांस्यवस्तूंच्या साठ्यात ग्रीकांचा व रोमनांचा समुद्रदेव पोसायडन याची एक मूर्ती मिळाली. ती वीतभरही उंच नाही. पण अंगाची ठेवण, उचललेला हात, शरीराचा तोल हे सारे भूमध्यसागरी कारागिराचे आहे. तिच्याच सोबत इटलीत घडलेली मद्याची सुरई होती, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचे, अस्सल आपल्याकडील घडणीचे एक सुंदर शिल्पही होते.

रोमन घरात अशा चिमुकल्या धातुमूर्ती गृहदेवतांच्या कोनाड्यात ठेवीत. आपल्या देवघराची आठवण व्हावी अशीच ही चाल. सुरई मेजवानीची, तिच्या मुठीवरही नक्षी करावी इतका भोजनसमारंभाचा बडिवार त्या समाजात होता. इथवर वस्तू बोलतात. मात्र ब्रह्मपुरीच्या धन्याने पोसायडनला फुले वाहिली, की नवलाची चीज म्हणून फडताळात ठेवले, हे मूर्ती सांगत नाही. तेथे आपण कल्पनेला आवर घालावा हे बरे.

उलट दिशेचा पुरावा पॉम्पेईत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या माथ्याला भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी किंवा लाकडी सामानाचा पाय असावा, असे तर्क झाले. हिच्या बहिणी शोभाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती आपल्या तेर व भोकरदन येथे सापडल्या आहेत. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. तेथला माल गाड्यांतून भडोचला जाई, असे तो ग्रंथकार लिहितो. म्हणजे रोमन गृहिणीच्या दालनातील शोभेची वस्तू मराठवाड्याच्या हातांशी जोडलेली असण्याचा संभव बळकट आहे.

तेर येथेच रोमन नाण्यांवरून पाडलेली मातीची पदकेही मिळतात. सोन्याचे नाणे न परवडणाऱ्याने परक्या सम्राटाचा मुखवटा मातीत उमटवून गळ्यात मिरविला. हौस ही अशी सर्वत्र सारखीच!

एक सावधगिरी मात्र हवी. पश्चिम भारतातील उंच, निमुळत्या बुडाच्या कुंभांची खापरे एके काळी सरसकट रोमन मद्यकुंभांची समजली जात. रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतील पुष्कळशी मेसोपोटेमियाकडील ठरली. तशा खापराच्या आतल्या अंगास डांबराचा काळा लेप असतो. संग्रहालयात विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकाने कपाटावरील चिठ्ठी वाचण्याआधी तो लेप पाहावा.