विश्लेषण : स्वतंत्र देश नसलेला न्यू कॅलेडोनिया फुटबॉल विश्वचषकात कसा?

वाशी : हार्बर मार्गावर वाशीनंतर सानपाडा, जुईनगर आणि मग नेरुळ. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ६ ऑक्टोबर २०१७ रोजी १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा पडदा उघडला, तो न्यूझीलंड-तुर्कस्तान सामन्याने. तो १-१ असा बरोबरीत सुटला. याच न्यूझीलंडने आठ महिन्यांपूर्वी ओशनिया विभागाच्या अंतिम सामन्यात एका छोट्या बेटसमूहाच्या मुलांचा ७-० असा फडशा पाडला होता. ती मुलेही त्या वेळी भारतातच होती, फक्त गुवाहाटीला. स्पर्धेची साखळी संपली तेव्हा न्यूझीलंडच्या खात्यात एक गुण होता आणि त्या बेटाच्या खात्यातही एकच. यजमान भारताची पाटी मात्र कोरी राहिली. हे बेट म्हणजे न्यू कॅलेडोनिया. तो स्वतंत्र देशच नाही.

मग न्यू कॅलेडोनिया आहे तरी काय?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात असलेला हा फ्रान्सचा प्रदेश. पॅरिसपासून सुमारे १७ हजार किलोमीटर दूर. राजधानी नूमेआ. २०१९ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २ लाख ७१ हजार. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती. म्हणजे अख्खा न्यू कॅलेडोनिया आपल्या शहराच्या पाव हिश्शातही आरामात मावेल.

फ्रान्सने १८५३ मध्ये बेटांचा ताबा घेतला आणि इंग्रजांनी अंदमानचा केला तसाच त्यांचा उपयोग केला. जन्मठेपेचे कैदी, १८७१ च्या पॅरिस कम्यूनमधील बंडखोर येथे पाठवले गेले. मूळचे कनक लोक स्वतःच्याच भूमीत कडेला ढकलले गेले. पुढे निकेलच्या खाणी आल्या. स्वातंत्र्य हवे का, यावर २०१८, २०२० आणि २०२१ असे तीनदा सार्वमत झाले आणि तिन्ही वेळा कौल ‘नको’ असा आला. तिसऱ्या वेळी स्वातंत्र्यवाद्यांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. मे २०२४ मध्ये मतदारयादीत कोणाला घ्यायचे, या वादातून दंगली उसळल्या आणि आणीबाणी लावावी लागली. प्रश्न मिटलेला नाही.

देश नसताना ‘फिफा’चे सदस्यत्व कसे?

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, ‘फिफा’चे २११. ही तफावत काही गणिताची चूक नव्हे. एखादा प्रदेश स्वतंत्र नसेल, पण ज्या देशाच्या अखत्यारीत तो आहे तेथील फुटबॉल संघटनेने संमती दिली, तर तो ‘फिफा’कडे अर्ज करू शकतो. ताहिती असाच १९९० मध्ये आला, अमेरिकेच्या ताब्यातील गुआम १९९६ मध्ये, अमेरिकन सामोआ १९९८ मध्ये आणि न्यू कॅलेडोनिया २००४ मध्ये. गंमत अशी, की तुवालू आणि किरिबाटी हे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले देश, पण ‘फिफा’त ते नाहीत.

एकदा सदस्यत्व मिळाले, की लहान-मोठा हा भेद कागदावर तरी संपतो. ‘फिफा’च्या महासभेत ब्राझीलला एक मत आणि न्यू कॅलेडोनियालाही एकच. २०२३ ते २०२६ या काळासाठी विकासनिधीची प्रत्येक सदस्याची कमाल मर्यादा ८० लाख डॉलर अशी सारखीच आहे. अडीच-पावणेतीन लाख वस्तीच्या बेटांना या रकमेतून मैदाने आणि प्रशिक्षक मिळू शकतात. आणि लहान प्रदेशाला हलक्यात घेण्याची किंमत भारताला चांगलीच ठाऊक आहे. १६ जून २०१५ रोजी वरिष्ठ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत गुआमने भारताला २-१ असे हरवले होते.

२०१७ मध्ये भारतात नेमके काय झाले?

त्या वर्षीपासून ओशनियाला या स्पर्धेत दोन जागा मिळाल्या. त्यामुळे ताहितीतील पात्रता स्पर्धेची अंतिम फेरी गाठताच न्यू कॅलेडोनियाचे भारताचे तिकीट पक्के झाले. त्यानंतरचा ०-७ हा पराभव केवळ नामुष्कीपुरता उरला. ‘फिफा’च्या कोणत्याही विश्वचषकात खेळण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. आणि सोडतीने गंमत केली : पहिलाच सामना फ्रान्सशी.

८ ऑक्टोबरला गुवाहाटीत दोन्ही बाजूंची मुले एकाच देशाची नागरिक होती. एका बाजूच्या छातीवर फ्रान्सचा कोंबडा, दुसऱ्या बाजूला बेटाचा जर्सी. फ्रान्स ७-१ असा जिंकला. जुन्या फुटबॉलप्रेमींना अशा वेळी क्रिश्चियन कारम्बू आठवतो. न्यू कॅलेडोनियातील लिफू बेटावर जन्मलेला हा कनक खेळाडू १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात होता, मात्र फ्रान्सचे राष्ट्रगीत तो गात नसे. १९३१ मध्ये पॅरिसमधील वसाहत-प्रदर्शनाच्या काळात ज्या कनक लोकांना ‘नरभक्षक’ म्हणून प्रेक्षकांसमोर उभे केले गेले, त्यांत त्याचे पणजोबा होते. कारम्बूच्या पिढीपुढे निळी जर्सी हाच मोठ्या स्पर्धेचा रस्ता होता. २०१७ च्या मुलांपुढे दुसराही होता.

दुसऱ्या सामन्यात होंडुरासने त्यांना ५-० असे हरवले. दोन सामन्यांत बारा गोल खाल्लेला संघ १४ ऑक्टोबरला कोलकात्यात जपानसमोर उभा राहिला. सातव्या मिनिटालाच केइतो नाकामुराने जपानला आघाडी मिळवून दिली. आता किती होतात एवढेच मोजायचे, असे वाटत असताना गोल काही वाढेनात. ८३व्या मिनिटाला जेकोब जेनोने बरोबरी साधली. सामना १-१. हाच जपान पुढच्या फेरीत इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला आणि तो इंग्लंड अखेर विजेता ठरला, हे लक्षात घेतले की त्या एका गुणाचे वजन कळते.

भारताचे तीन सामने दिल्लीत झाले : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. भारताने नऊ गोल खाल्ले, न्यू कॅलेडोनियाने तेरा. तरी गुण त्यांना मिळाला, आपल्याला नाही.

इतक्या लहान संघाने खेळावेच का?

हा प्रश्न दर वेळी विचारला जातो आणि तो अगदीच गैरलागू नाही. २०२३ मध्ये इंडोनेशियात न्यू कॅलेडोनिया इंग्लंडकडून ०-१०, ब्राझीलकडून ०-९ आणि इराणकडून ०-५ असा हरला. २०२५ पासून ही स्पर्धा दर वर्षी आणि ४८ संघांची झाली, ओशनियाच्या जागाही वाढल्या. कतारमधील त्या स्पर्धेत मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियावर तब्बल १६ गोल केले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी असा दिवस मैदानावर काढावा, हे पाहायला कोणालाच बरे वाटत नाही.

पण त्याच्या तीनच दिवस आधीची बातमी आपल्याकडे कोणी फारशी वाचली नाही. त्या दिवशी न्यू कॅलेडोनियाने पुन्हा जपानलाच ०-० असे रोखले होते. विश्वचषक नसता तर या मुलांना जपानसारखा प्रतिस्पर्धी मिळालाच नसता. वरिष्ठ संघाचा आलेखही चढता आहे : मार्च २०२५ मध्ये न्यू कॅलेडोनिया ओशनियाच्या पात्रता स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि ऑकलंडमध्ये न्यूझीलंडकडून ०-३ असा हरला. सात गोलांवरून तीन.

भारतीय मुलांच्या पासपोर्टचे काय?

नागरिकत्व एकच आणि संघ दोन, अशा ठिकाणी ‘फिफा’ खेळाडूचे त्या प्रदेशाशी नाते तपासते. त्याचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तेथे झालेला हवा, नाहीतर ठरावीक वर्षांचे वास्तव्य हवे. म्हणून लिफूतल्या मुलाला फ्रेंच पासपोर्ट खिशात ठेवूनही बेटाकडून खेळता येते.

भारताचे उलट आहे. दुहेरी नागरिकत्व नाही आणि २००८ पासूनच्या केंद्राच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टधारकच हवा. ‘ओसीआय’ कार्ड चालत नाही. २०१७ च्या भारतीय संघात कोल्हापूरच्या अनिकेत जाधवबरोबर अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. तो येऊ शकला, कारण त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट होता. वाशीहून सिडनीला गेलेल्या जोडप्याच्या तेथेच जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असलेल्या मुलाला मात्र आजी-आजोबा सेक्टर १७ मध्ये राहतात, एवढ्यावर निळी जर्सी मिळणार नाही. पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सच्या आईचे वडील संतोष करंडकात तेव्हाच्या मुंबई संघाकडून खेळले होते. तरीही भारताकडून खेळण्यासाठी त्याला ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडावे लागले आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय पासपोर्ट हाती आल्यावरच तो भारताच्या शिबिरात दाखल झाला.

२०१७ नंतर १७ वर्षांखालील मुलांचे विश्वचषक २०१९, २०२३ आणि २०२५ मध्ये झाले. न्यू कॅलेडोनिया त्यांपैकी दोन खेळला. भारत एकही नाही.