शरदातील ऋतुबदल आणि कोरमंगला खोरे

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ हा भारतीय हवामानाच्या दृष्टीने संक्रमणाचा काळ होय. नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी वळतात, सूर्य दक्षिण गोलार्धाकडे सरकतो आणि त्याबरोबर वायुदाबाचे पट्टेही आपली जागा बदलतात. मात्र या एकाच बदलाचे परिणाम देशात सर्वत्र सारखे नसतात. हिमालयाच्या शिखरांवर बर्फ पडू लागते, पंजाब-हरियाणाच्या मैदानात थंडीची चाहूल लागते आणि त्याच सुमारास दक्षिणेतील बंगळूरू शहरात सायंकाळच्या मुसळधार पावसाने सखल वस्त्यांत पाणी शिरते. या शहराच्या आग्नेय भागातील कोरमंगला परिसर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. भूगोल, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र हे विषय विद्यार्थी स्वतंत्रपणे अभ्यासतात; कोरमंगला खोऱ्यात ते एकत्र भेटतात.

शीत आघाडी : संकल्पना

भिन्न तापमानाच्या दोन वायुराशी एकमेकींत सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामधील सीमेला ‘आघाडी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धातील लष्करी आघाड्यांवरून सुचलेली ही संज्ञा नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचे पुत्र याकोब यांच्या अभ्यासगटाने रूढ केली. थंड व जड हवा पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसते तेव्हा शीत आघाडी निर्माण होते. वर ढकलली गेलेली उष्ण हवा थंड होऊन तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात व अरुंद पट्ट्यात जोरदार पाऊस होतो. आघाडी पुढे सरकल्यावर वाऱ्याची दिशा बदलते, वायुदाब वाढतो, तापमान उतरते आणि आकाश निरभ्र होते.

पर्वत आणि मैदान

भारतात असा बदल घडवून आणणारी मुख्य प्रणाली म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे हे विक्षोभ पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे वायव्य भारतात येतात. येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. भारतात पोहोचेपर्यंत विक्षोभाचे स्वरूप प्रामुख्याने वातावरणाच्या वरच्या थरांतील द्रोणीचे असते. पाठ्यपुस्तकातील आकृतीप्रमाणे स्पष्ट शीत आघाडी भूपृष्ठावर दिसतेच असे नाही. मात्र परिणाम तसाच जाणवतो. प्रथम पर्वतांत हिमवर्षाव वा पाऊस होतो आणि विक्षोभ पूर्वेकडे सरकल्यावर उत्तरेकडील थंड, कोरडे वारे मैदानात उतरतात.

हा विक्षोभ परतणाऱ्या मोसमी हवेतील बाष्पाला भेटला, तर त्याचे रूप उग्र होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात असेच घडले. सक्रिय पश्चिमी विक्षोभाला समुद्रावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली आणि १९ ऑक्टोबरच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत मुक्तेश्वर येथे ३४०.८, तर पंतनगर येथे ४०३.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुक्तेश्वर वेधशाळेच्या १८९७ पासूनच्या नोंदींतील हा उच्चांक होता. या आपत्तीत पन्नासहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

दक्षिणेतील चित्र

बंगळूरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. इतक्या दक्षिणेस शीत आघाडी पोहोचत नाही. ऋतुबदल येथे वेगळ्या मार्गाने येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे वायव्य भारतातून साधारणपणे १७ सप्टेंबरपासून माघार घेऊ लागतात. कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, बंगालच्या उपसागरावरील बाष्प द्वीपकल्पाकडे वाहू लागते आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. भारतीय हवामान विभाग या पावसाच्या क्षेत्रात तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र प्रदेश व रायलसीमा यांबरोबर दक्षिण अंतर्गत कर्नाटकाचाही समावेश करतो.

म्हणूनच बंगळूरूमध्ये सरासरीने सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे, तर सप्टेंबर महिन्यात पडतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर ढग उभे राहतात आणि सायंकाळी वा रात्री अल्पकाळात जोरदार सरी कोसळतात. १ ऑक्टोबर १९९७ रोजी शहरात २४ तासांत सुमारे १७९ मिलिमीटर पाऊस झाला होता. अर्थात जोरदार पाऊस ही येथील अलीकडची घटना नाही. अलीकडचा आहे तो पावसाखालील जमिनीचा बदल.

खोरे, तलाव आणि राजकालुवे

बंगळूरू शहर कोणत्याही मोठ्या नदीकाठी वसलेले नाही. ते एका कटकावर उभे असून तेथून पाणी प्रामुख्याने तीन खोऱ्यांत उतरते : हेब्बाळ, वृषभावती आणि कोरमंगला-चल्लघट्टा. यांपैकी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्याचे पाणी बेळ्ळंदूर व वर्तूर तलावांतून दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते आणि तमिळनाडूमार्गे बंगालच्या उपसागरात जाते.

नदीची उणीव पूर्वजांनी तलावांच्या साखळीने भरून काढली. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी नाल्याने खालच्या तलावात जाई. या मुख्य नाल्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. तलाव हे एकाच वेळी पिण्याच्या पाण्याचे, सिंचनाचे आणि पूरनियंत्रणाचे साधन होते. नागरीकरणात ही साखळी तुटली. धर्मांबुधी तलावाच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक, तर संपंगी तलावाच्या जागी क्रीडासंकुल उभे राहिले. खुद्द कोरमंगला परिसरातील ‘एस. टी. बेड’ या वसाहतीच्या नावाचा अर्थच ‘श्रीनिवागिलु तलावाचा तळ’ असा आहे. ऑगस्ट २०१७ मधील अतिवृष्टीत ही वसाहत जलमय झाली, तेव्हा पाणी नव्या ठिकाणी आले नव्हते. ते आपल्या जुन्या जागी परतले होते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी बंगळूरूच्या पर्जन्यजल व्यवस्थापनाविषयी २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात ही हानी मोजून दाखविली. विसाव्या शतकाच्या आरंभी कोरमंगला खोऱ्यात सुमारे ११३ किलोमीटर लांबीचे नाले होते. २०१६-१७ मध्ये त्यांपैकी सुमारे ६३ किलोमीटर उरले.

पाण्याचा हिशेब

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी जमा होते. ४ व ५ सप्टेंबर २०२२ दरम्यान शहरात २४ तासांत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दर चौरस किलोमीटरला १३ कोटी लिटर. मोकळ्या, झाडी असलेल्या जमिनीवरून यातील तीन दशांश पाणी वाहून जाते असे मानले, तर नाल्यांवर सुमारे चार कोटी लिटरचा भार येतो. डांबर व काँक्रीटने झाकलेल्या जमिनीवरून नऊ दशांश पाणी वाहते असे धरल्यास तोच भार पावणेबारा कोटींवर जातो. पाऊस तेवढाच, पण भार जवळजवळ तिप्पट आणि तो वाहून नेणाऱ्या नाल्यांची लांबी मात्र निम्म्याच्या आसपास! कोरमंगला खोऱ्याची समस्या या एका वाक्यात सामावलेली आहे.

अर्थशास्त्रात यास ‘ऋण बाह्यता’ म्हणतात. उंचावरील भूखंडधारक अंगण काँक्रीटने झाकतो वा नाल्याकडे बांधकाम सरकवितो, तेव्हा लाभ त्याचा असतो. खर्च मात्र उताराखालच्या कुटुंबावर पडतो. त्या खर्चाचे प्रतिबिंब जमिनीच्या किमतीत उमटत नाही. हा खर्च सर्वांना सारखा झेपतही नाही. उंच इमारतीतील कुटुंबाचे वाहन बिघडते आणि विमा असल्यास भरपाई मिळते. शेजारच्या ईजीपुरासारख्या सखल भागातील तळमजल्यावरील कुटुंबाचे धान्य, अंथरूण आणि दिवसाची मजुरी जाते. असे नुकसान बहुधा कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

धोरणात्मक प्रयत्न

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर शहरी पूर हा नदीच्या पुराहून वेगळा प्रश्न असल्याची जाणीव देशात दृढ झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी सात महानगरांतील पूरनिवारणाकरिता २,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात बंगळूरू आणि पुणे यांचा वाटा प्रत्येकी २५० कोटींचा होता.

स्थानिक पातळीवर मॅजेस्टिक परिसरातून कोरमंगलामार्गे बेळ्ळंदूरकडे जाणाऱ्या ‘के-१००’ या मुख्य नाल्याच्या पुनरुज्जीवनाचे काम २०२१ मध्ये हाती घेण्यात आले. नियमनाचा मार्ग मात्र सरळ राहिला नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तलाव व नाल्यांभोवतीचे संरक्षित पट्टे वाढविण्याचा आदेश दिला. वैधानिक विकास आराखड्यातील तरतूद न्यायाधिकरण बदलू शकत नाही, या भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो भाग रद्द केला. याचा अर्थ असा की, पट्टा किती रुंद असावा हे ठरविण्याची खरी जागा विकास आराखडा हीच आहे आणि तो तयार होताना नागरिकांनी सूचना व हरकती नोंदविणे महत्त्वाचे आहे.

समारोप

शीत आघाडी, पश्चिमी विक्षोभ व मोसमी वाऱ्यांची माघार यांवर मानवाचे नियंत्रण नाही. उपग्रह व रडार यांमुळे पूर्वसूचना अधिक अचूक झाली असून ती जीव वाचवू शकते. मात्र पाण्याला वाट करून देणे पूर्वसूचनेच्या हाती नाही. उत्तराखंडातील उतार असो वा कोरमंगला खोऱ्यातील वसाहत, आकाशातून काय येणार हे ऋतू ठरवितो. त्यातून किती हानी होणार हे बहुतांशी जमिनीचा वापर ठरवितो. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हा खर्च नसून गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा दर शरदात मोजता येतो.