फोटोचा कस आणि मेगापिक्सेलचा आकडा

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. आडव्या बाजूला ६००० आणि उभ्या बाजूला ४००० ठिपके असलेला फोटो २४ मेगापिक्सेलचा होतो. फोटो किती ठिपक्यांत विभागला आहे एवढेच हा आकडा सांगतो. त्या ठिपक्यांत नोंदला गेलेला उजेड आणि रंग कितपत खरा आहे हे त्यावरून कळत नाही, आणि फोटोचा कस तर तिथेच लागतो.

भिंगातून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो आणि प्रत्येक पिक्सेल आपल्या वाट्याचा प्रकाश मोजतो. व्यावसायिक कॅमेऱ्यातला ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. बहुतेक फोनमधले सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. एकाच शेतात जास्त वाफे पाडले म्हणून पाऊस जास्त पडत नाही. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमीच येतो.

प्रकाश कमी पडला की मोजणीही डळमळते. प्रकाशकण एका ठरावीक गतीने येत नाहीत. पिक्सेलवर १०,००० कण आले तर त्यात साधारण १०० चा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार असतो. १०० च कण आले तर तो १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो. रात्रीच्या फोटोत काळोखावर दिसणारा रंगीत रवाळपणा बहुतांशी यातूनच येतो.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. कॅननच्या २००८ मधल्या पॉवरशॉट जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये कंपनीने ते १० वर आणले, तेही कमी उजेडातले फोटो सुधारावेत म्हणून. आजचे १०८ मेगापिक्सेलचे अनेक फोन शेजारचे नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. जाहिरातीत मात्र १०८ हाच आकडा ठळक असतो.

भिंगाची मर्यादा वेगळीच. प्रकाश तरंगरूप असल्याने निर्दोष भिंगही बिंदूची प्रतिमा थोडी पसरट उमटवते. एफ/१.८ भिंगातून (एफ आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे) हिरव्या प्रकाशाचा बिंदू सुमारे २.४ मायक्रॉनचा ठिपका होतो. २०० मेगापिक्सेलच्या काही फोनमध्ये पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे एकच बिंदू चार पिक्सेलांइतका रुंद पसरतो. भिंगाने जो बारकावा सेन्सरपर्यंत पोहोचवलाच नाही, तो पिक्सेल वाढवून मिळत नाही.

शिवाय १२ चे ४८ मेगापिक्सेल झाले तरी प्रत्येक बाजूवरचे ठिपके दुप्पटच होतात. फोरके टीव्हीचा पडदा जेमतेम ८.३ मेगापिक्सेलचा असतो. आठ बाय दहा इंची छापील फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, ७.२ मेगापिक्सेल पुरतात. मोठे फलक छापायचे असतील किंवा दूरच्या पक्ष्याएवढाच भाग कापून घ्यायचा असेल, तर जास्त पिक्सेल खरोखर उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या जोडीला मोठा सेन्सर आणि उत्तम भिंग हवे.

म्हणून कॅमेरा किंवा फोन घेताना आधी सेन्सरचा आकार आणि भिंगाचा एफ आकडा विचारावा. शक्य झाल्यास संध्याकाळी, घरातल्या दिव्याच्या उजेडात, हलत्या माणसाचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा.